किड्यांचा स्वयंपाक

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)



तांदळाचा डबा बरेच दिवस उघडला नाही आणि उघडल्यावर दाणे एकमेकांना चिकटून त्यांची जाळी झालेली दिसली, की आपण काय करतो? कपाळाला आठ्या घालतो, तांदूळ सुपात घेतो, उन्हात नेतो आणि जाळीतली ती पांढुरकी अळी कोंबड्यांपुढे टाकतो. लग्न होऊन सायखेड्यात आले तेव्हापासून मीही तेच करत होते. आता गेली सात वर्षं मी त्याच अळीला बाजरीचा भरडा आणि शेंगदाण्याचा कूट खाऊ घालते आहे. मोजून, वेळेवर, झाकून ठेवून. माझ्या सासूबाई अजून म्हणतात, "पोरांना लाडू करायचे म्हटलं की दाणे महाग होतात, आणि किड्यांना मात्र डबाभर कूट!"

आज या किड्यांच्या स्वयंपाकाबद्दलच बोलणार आहे. बऱ्याच गटांच्या बायका विचारतात, ट्रायकोकार्डचा धंदा आम्हाला जमेल का? जमेल की नाही ते शेवटी तुमचं तुम्ही ठरवा. पण या कामात हात घालण्याआधी मला जे कुणी सांगितलं नव्हतं, ते तरी तुम्हाला ठाऊक असावं.

आधी हे किडे पाळायचे कशाला, ते सांगते. ट्रायकोग्रामा नावाची एक माशी असते. गांधीलमाशीच्या गोतातली, पण इतकी बारीक की मोहरीच्या दाण्यापुढेही ती ठिपक्याएवढी दिसेल. माणसाला चावत नाही, पिकाला शिवत नाही. तिचा एकच उद्योग, दुसऱ्या किड्याच्या अंड्यात आपलं अंडं घालायचं. टोमॅटोच्या पानावर फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग रात्री अंडी घालून जातो. या माशीला ते अंडं सापडलं, की त्यातून अळी बाहेर पडतच नाही, ट्रायकोग्रामाच बाहेर पडते. उसाच्या खोडकिडीचंही तसंच. म्हणजे अळी फळात शिरल्यावर औषध मारत बसण्याऐवजी ती जन्मण्याआधीच तिचा बंदोबस्त होतो.

पण या माशा शेतात सोडायच्या तर त्या हजारांनी, लाखांनी हव्यात. त्यासाठी तितकीच अंडी हवीत. टोमॅटोतल्या अळीची अंडी मिळवायची तर आधी ती अळी पाळावी लागेल, आणि ती पाळणं फार खर्चाचं काम आहे. का, ते पुढे सांगते. म्हणून शहाण्या लोकांनी वाट काढली ती आपल्या तांदळातल्या जाळीवाल्या अळीची. तिचा पतंग राखाडी, साधा, आपल्या स्वयंपाकघरात संध्याकाळी भिंतीवर बसलेला दिसतो तोच. शास्त्रात त्याला कोर्सिरा म्हणतात. तो भरड्यावर वाढतो, दाटीवाटीनं राहतो, कुरकुर करत नाही, आणि त्याची अंडी ट्रायकोग्रामाला चालतात. बाजरी खाऊन अळी वाढते, अळीचा पतंग होतो, पतंग अंडी देतो, त्या अंड्यात माशी वाढते आणि माशी टोमॅटो राखते. बाजरीपासून टोमॅटोपर्यंतची ही साखळी. तिची पहिली कडी आपल्या हातात, म्हणजे पातेल्यात.

आता कृती ऐका. बाजरी किंवा ज्वारी घ्यायची, भरडून. पीठ होऊ द्यायचं नाही. एका दाण्याचे तीनचार तुकडे व्हावेत इतकंच. एका पेटीला अडीच किलो भरडा. आधी तो चांगला तापवायचा, कारण बाजारच्या धान्यात टोके, पोरकिडे आणि त्यांची अंडी आधीच असतात. गार झाला की त्यात शेंगदाण्याचा कूट १०० ग्रॅम, यीस्ट ५ ग्रॅम, पाण्यात मिसळणारं गंधक ५ ग्रॅम, आणि स्ट्रेप्टोमायसिन अगदी चिमूटभर, पाण्यात कालवून. कुटातून स्निग्धपणा आणि प्रथिनं मिळतात, यीस्टमधून ब जीवनसत्त्व. गंधक असतं ते कोळी लागू नये म्हणून आणि स्ट्रेप्टोमायसिन जंतू वाढू नयेत म्हणून. या भरड्यावर कोर्सिराची अंडी भुरभुरायची, अर्धा सी. सी. इंजेक्शनच्या सिरिंजवर अर्धी खूण असते ना, तेवढीच. त्यात आठनऊ हजार अंडी मावतात. वरून मलमलीचं फडकं ताणून बांधायचं आणि पेटी मांडणीवर ठेवायची. मांडणीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या. दिवाळीच्या फराळाच्या डब्याला मुंग्यांपासून जपतो, तसंच.

मग चाळीसेक दिवस वाट पाहायची. भरड्याची जाळी होते, पेटी आतून थोडी गरम लागते, हाताला कळतं. आणि मग एके दिवशी फडक्याच्या आत पतंग फडफडायला लागतात. नीट जमलेल्या एका पेटीतून अडीच हजारांच्या आसपास पतंग निघतात. ते गोळा करून जाळीच्या तळाच्या पिंपात सोडायचे, मधाच्या पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा द्यायचा. ते अंडी घालतात ती जाळीतून खाली पडतात. ती चाळायची. तीन चाळण्या लागतात, एकीपेक्षा एक बारीक, कारण अंड्यांबरोबर पंखांची खवलं आणि तुटलेले पाय येतात. चाळून चाळून अखेर राहतं ते खसखशीहून बारीक, मोत्यासारखं पांढरं. बायकांचा हात इथे कामाला येतो हे मी अभिमानानं सांगते. रव्यातून सोजी वेगळी करणाऱ्या हाताला हे शिकवावं लागत नाही.

ती अंडी अतिनील दिव्याखाली धरायची, म्हणजे त्यातून अळी निघत नाही. मग कार्डावर डिंक लावून त्यावर पसरायची. एका कार्डावर एक सी. सी., साधारण १६ ते २० हजार अंडी. त्यावर ट्रायकोग्रामाच्या माशा सोडायच्या. तिसऱ्याचौथ्या दिवशी अंडी काळी पडायला लागतात. काळी पडली म्हणजे आत माशीचं बाळ आहे. आठदहा दिवसांत माशा बाहेर.

ऐकायला सोपं वाटलं ना? मलाही वाटलं होतं. आमच्या पहिल्या सहा पेट्यांपैकी चार गेल्या. पावसाळ्यात सुरुवात केली होती. भरडा तापवून गरमगरमच पेटीत भरला, वर फडकं बांधलं. आत वाफ धरली, आणि आठवड्यात हिरवी बुरशी. पापड पुरते वाळले नाहीत तर डब्यात ठेवायचे नाहीत, हे मला दहाव्या वर्षापासून माहीत. पण ते डोकं इथे चाललं नाही, कारण हे काम "शास्त्राचं" आहे असं मनात धरून बसले होते.

दुसरं संकट आलं ते मजेशीर होतं, आता मजेशीर म्हणते. पेटीतल्या अळ्या एकाएकी सुस्त पडून मरायला लागल्या. निरखून पाहिलं तर एक बारीक माशी फडक्यावरून नळी आत खुपसून अळ्यांना डंख करत होती. तिचं नाव ब्रॅकॉन. गंमत अशी की ती सुद्धा मित्रकीटकच. नारळाची पानं खाणाऱ्या अळीवर तिला मुद्दाम सोडतात. दुसऱ्याच्या शेतातली मैत्रीण आमच्या कोठीत चोर ठरली. तेव्हापासून आम्ही दुहेरी फडकं बांधतो आणि खिडकीला बारीक जाळी लावली.

आता खोकल्याचं सांगते. हे मी मुद्दाम मध्येच सांगते आहे, म्हणजे शेवटी घाईत राहून जाणार नाही.

स्वतःचं सुरू करण्याआधी मी दोन वर्षं एका ठिकाणी रोजानं या कामाला जात होते. नाव सांगत नाही, सांगून उपयोग नाही. तिथे आम्ही पाचसहा बायका दिवसभर पतंग गोळा करायचो. पतंगाच्या पंखावर बारीक भुकटी असते, फुलपाखराला हात लावला की बोटाला लागते तशी. ती खोलीभर उडते. सहा महिन्यांत मला कोरडा खोकला लागला, पहाटे दम लागायचा, डोळे चुरचुरायचे. तिथल्या माणसाला सांगितलं तर म्हणाला, "सवय होईल." सवय झाली नाही. डॉक्टरांनी विचारलं, कामावर धुळीत असता का? मी म्हटलं, नाही हो, आम्ही किडे पाळतो. ते क्षणभर बघतच राहिले. मग त्यांनीच सांगितलं की ही भुकटी श्वासातून गेली की ॲलर्जी होते, दमा बळावतो.

तर मैत्रिणींनो, पतंग हाताळताना नाकातोंडावर नीट बसणारा मास्क हवाच. पदराचं टोक नाही चालत. पदरातून ही भुकटी आरपार जाते. पतंग गोळा करायला सक्शनचं यंत्र मिळतं, ते घ्या. पैसे कमी असतील तर पेट्या कमी ठेवा, पण यंत्र घ्या. दमेकरी बाईला चाळणीला बसवू नका, तिला कार्ड बनवायला, हिशोबाला बसवा. दुसरं, भरड्याला बुरशी लागू नये म्हणून काही ठिकाणी फॉर्मलिन शिंपडतात. ते वापरायचंच तर मोजून, पातळ करून आणि खोली उघडी ठेवून. आम्ही ते सोडूनच दिलं, भरडा जास्त वेळ तापवतो. आणि अतिनील दिवा बंद पेटीतच लावायचा. उघड्या डोळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. आमच्यातल्या एकीला झालं होतं.

आता मघाशी म्हटलं ते, टोमॅटोतली अळी पाळणं खर्चाचं का. पुण्याला कृषी महाविद्यालयात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं जैविक कीड नियंत्रणाचं काम चालतं. तिथे आम्ही गटानं गेलो होतो. मला वाटलं, मोठमोठी यंत्रं असतील. बघते तर काय, बेसनाच्या वड्या!

खरंच सांगते. काबुली हरभऱ्याचं पीठ १०५ ग्रॅम, ते निम्म्या पाण्यात मिक्सरमधून काढायचं. राहिलेल्या पाण्यात अगर उकळायचं. आपण फालुद्याला, जेलीला चायना ग्रास वापरतो, तेच ते. दोन्ही मिळून पाणी ७८० मिलिलिटर. त्यात खराब होऊ नये म्हणून सॉर्बिक ॲसिड आणि असलीच दोनतीन द्रव्यं. सॉर्बिक ॲसिड बाजारच्या सरबतात, जॅममध्येही असतं, बाटलीवर वाचून पाहा. मग मिश्रण थोडं निवलं की यीस्टच्या गोळ्या, क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सुल. निवल्यावरच का? कारण क जीवनसत्त्व उकळीत टिकत नाही. आपण पोह्यावर लिंबू गॅस बंद करून पिळतो ना, तेच. हे मिश्रण छोट्या छोट्या खणांच्या ट्रेमध्ये ओतलं की वडीसारखं थापून बसतं. प्रत्येक खणात एक अळी. एकच! कारण ही जात एकमेकींना खाते. दोन ठेवल्या तर दुसऱ्या दिवशी एकच उरते, आणि ती गुबगुबीत असते. हजार अळ्यांना हजार खण, हजार वेळा हात. खर्च तो यात आहे.

या अळीला हरभऱ्यात आपण घाटे अळी म्हणतो, कपाशीत हिरवी बोंडअळी, टोमॅटोत फळ पोखरणारी. किडा तोच. तिला तिथे पाळतात ते तिचाच रोग वाढवायला. वडीवर विषाणू लावून देतात, पाचसात दिवसांत अळी लुळी पडून मरते, मेलेल्या अळ्या वाटून गाळून त्याचं औषध करतात. एचएनपीव्ही या नावानं ते मिळतं. हरभऱ्याला हेक्टरी २५० एल. ई. एल. ई. म्हणजे एका पूर्ण वाढलेल्या रोगट अळीतून जेवढा विषाणू निघतो तेवढं माप. संध्याकाळी फवारतात, कारण उन्हानं विषाणू मरतो. चिकटावं आणि अळीनं खावं म्हणून त्यात गूळ घालतात, उन्हापासून बचाव म्हणून कपड्याची नीळ घालतात. बेसन, चायना ग्रास, गूळ, नीळ. सगळं आपल्याच फडताळातलं. पण हे औषध करून विकायचं असेल तर कीटकनाशक कायदा, १९६८ प्रमाणे नोंदणी लागते, म्हणून आमच्या गटानं तो नाद केला नाही.

ही वडीची कल्पना पहिल्यांदा कुणाच्या डोक्यात आली, असं मी तिथे विचारलं. बऱ्याच जणांचं काम आहे, पण त्यात एका बाईचं नाव कळलं ते मी लिहून घेतलं. एर्मा व्हँडरझँट. अमेरिकेच्या कृषी खात्यात टेक्सासला काम करायच्या. कपाशीची शेंदरी बोंडअळी बोंडाच्या आत राहते, बाहेर ठेवली तर जगवायची कशी? या बाईंनी आणि त्यांच्या एका सहकाऱ्यानं १९५६ मध्ये तिला कपाशीशिवाय, बनवलेल्या खाण्यावर वाढवून दाखवलं. पुढे अशा खाण्यावर तिथे ही अळी कोट्यवधींनी वाढवली, तिचे पतंग किरणांनी वांझ केले आणि कपाशीवर सोडले. वांझ पतंगाशी जोडी जमली की अंडी फुकट. तिथल्या शेतकऱ्यांनी बियाणं, वेळेवर पीक काढणं हे सगळंही सांभाळलं, आणि २०१८ मध्ये त्यांच्या सरकारनं ही अळी देशातल्या कपाशीतून गेल्याचं जाहीर केलं. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१७ मध्ये, आपल्या यवतमाळला कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते. त्या वर्षी विदर्भात हीच शेंदरी बोंडअळी पसरली होती. पुण्याहून परत येताना एसटीत मी त्या दोन सालांचाच विचार करत होते.

किड्याला खाणं बनवून देणं वाटतं तितकं सोपं नसतं. नुसतं पोट भरून भागत नाही. आपल्या शरीरात कोलेस्टेरॉल तयार होतं, नको म्हटलं तरी होतं! किड्याच्या शरीराला ते जमत नाही. त्याला तसला घटक खाण्यातूनच मिळावा लागतो, नाहीतर कात टाकताना तो अडकतो. शिवाय चव. येवल्याच्या पैठणीचं रेशीम ज्या किड्याचं, तो तुतीच्या पानाशिवाय दुसऱ्या कशाला तोंड लावत नाही. जपानमध्ये त्याच्यासाठी बनवलेलं खाणं निघालं, सोयाबीनचं पीठ घालून, तर त्यातही तुतीच्या पानाची भुकटी मिसळावी लागली. घरात एखादं पोर असतं ना, वरण नुसतं नको, त्यावर तूप दिसलं पाहिजे. तसंच. चीनमध्ये तर १९८० नंतरच्या काळात ट्रायकोग्रामासाठी नकली अंडीच बनवली, पातळ प्लॅस्टिकच्या कागदाचे बारीक फुगवटे आणि आत रेशीमकिड्याच्या कोषातला रस. माशीनं त्यात अंडी घातली आणि पिल्लं वाढली. आम्हाला ते परवडणारं नाही, आमची बाजरी बरी.

द्राक्षबागेचं बोलल्याशिवाय निफाड तालुक्यातली बाई कशी गप्प बसेल? बागेत पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग, किती छळतो ते तुम्हाला सांगायला नको. सालीखाली दडतो, घडात शिरतो, चिकटा सोडतो, वर काळी बुरशी. त्याला खाणारा एक ढालकिडा आहे, क्रिप्टोलेमस. काळा, डोकं तांबूस. मूळ ऑस्ट्रेलियातला, आपल्या देशात १८९८ मध्ये आणलेला. तो पाळायचा तर त्याला मिलीबग खायला हवेत, आणि मिलीबगला काय हवं? लाल भोपळा! भोपळा देठासकट घ्यायचा, स्वच्छ धुवायचा, बुरशीनाशकात बुडवून काढायचा, कुठे खरचटलं असेल तर मेण लावून बंद करायचं. त्यावर मिलीबग सोडायचे. तीनचार आठवड्यांत भोपळा कापूस लावल्यासारखा पांढरा होतो. मग त्यात शंभरेक ढालकिडे एक दिवस सोडून काढून घ्यायचे. त्यांची पिल्लं मिलीबग फस्त करतात आणि महिनाभरानं नवे भुंगे निघतात. भुंग्यांना मधाच्या पाण्यात अगर घालून केलेली जेली. भोपळा दोनअडीच महिने कोठीत टिकतो आणि सालभर बाजारात मिळतो, म्हणून त्याची निवड.

आम्ही हे हौसेनं केलं, आणि माझ्या दिरांच्या बागेत ते भुंगे सोडले. पंधरा दिवसांनी बघायला गेले तर वहिनी आणि मजूर बायका खोडं चोळत होत्या. वहिनी म्हणाल्या, "ताई, तुमच्या किड्यांनी काही केलं नाही, उलट मिलीबग मोठे मोठे झालेत, बघा!" आणि हातातलं गोणपाट दाखवलं. त्याला लागलेलं पाहिलं आणि मी मटकन खाली बसले. क्रिप्टोलेमसची पिल्लं अंगावर पांढरं मेण धरतात, अगदी मिलीबगसारखीच दिसतात, फक्त आकारानं मोठी आणि चालीला चपळ. आम्ही भुंगा सगळ्यांना दाखवला होता, पिल्लू कुणाला दाखवलंच नव्हतं. चूक वहिनींची नव्हती. आता आम्ही भुंग्यांच्या डबीबरोबर काचेच्या बाटलीत दोन पिल्लं देतो आणि ती बागेच्या मालकाऐवजी खोड चोळणाऱ्या बायकांच्या हातात देतो. आणखी एक, बागेत मुंग्या असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त करा. मिलीबगचा गोड चिकटा मिळतो म्हणून मुंग्या त्याची राखण करतात आणि भुंग्याला हुसकून लावतात.

पैशांचं सांगते. कार्डाचा माल दुधापेक्षा नाशवंत. अंडी काळी पडली की घड्याळ सुरू. दहा अंश थंडीत ठेवून थोडे दिवस थोपवता येतं, पण कायम नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदेला पूर आला, सायखेडा आणि चांदोरी पाण्यात. पेट्या आम्ही रात्रीतून माळ्यावर चढवल्या, त्या वाचल्या. पण वीज नाही, फ्रिज बंद, रस्ता बंद आणि तयार कार्डं घरात. तिसऱ्या दिवशी बरणीत सगळ्या माशा निघाल्या. बाहेर सोडायला पीकच उरलं नव्हतं. ते नुकसान पुराचं. पण पुराशिवायही दोनदा असं झालं, कारण आम्ही गिऱ्हाईक न बघता कार्डं केली होती. म्हणून गटाला माझं सांगणं, कर्ज काढण्याआधी दहा शेतकरी पक्के करा, त्यांच्या लागवडीच्या तारखा वहीत लिहा आणि त्या तारखांवरून उलट मोजून पेट्या भरा. पेटी भरल्यापासून कार्ड शेतात जाईपर्यंत दोन महिने धरा. ट्रायकोग्रामाचं मूळ वाणही वर्षातून एकदोनदा चांगल्या प्रयोगशाळेतून नवं आणा. पिढ्यान् पिढ्या घरच्या अंड्यावर वाढलेली माशी आळशी होते, शेतात उडत नाही.

आणि कार्ड विकत घेणाऱ्या मैत्रिणींसाठी. अंडी काळी आहेत ना ते पाहा, पांढरी असतील तर नुसती कोर्सिराची अंडी आहेत. कार्ड गाडीच्या डिक्कीत उन्हात ठेवू नका. टोमॅटोला फुलं दिसायला लागली की आठवड्याला एक, असं पाचसहा वेळा, एकरी एक कार्ड. कात्रीनं पट्ट्या कापून पानाच्या खालच्या बाजूला टाचणीनं लावायच्या, संध्याकाळी. कार्ड लावण्याच्या आधी आणि नंतर आठवडाभर कीटकनाशक फवारू नका. शेजारी फवारणार असेल तर त्यालाही सांगा, वारं कुणाचं ऐकत नाही. उन्हाळ्यात चाळीस अंशाला कार्ड लावून ही माशी निकामी आहे असं म्हणू नका, बिचारी भाजून जाते.

सासूबाई माळकरी आहेत. त्यांनी एकदा मला विचारलं, "तू त्यांना खाऊ घालतेस, वाढवतेस, आणि त्यांची अंडी दिव्याखाली मारतेस. हे कसं?" मला उत्तर आलं नाही. अजून नीट येत नाही. मी म्हटलं, आत्याबाई, फवाऱ्यानं मरतात ते आपण मोजत नाही, हे मी मोजते. त्या काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी शेंगा फोडायला स्वतः बसल्या, आणि कुटातली खवट दाणी वेचून बाजूला काढली. म्हणाल्या, "किडा असला म्हणून काय झालं, खवट कशाला घालायचं?"

त्यांचं बरोबर होतं. खवट कुटावर अळ्या वाढत नाहीत.

आज आमच्या तिसऱ्या मांडणीतले पतंग निघायचे आहेत. मास्क घेऊन मला पाचच्या आत पोचलं पाहिजे. नमस्कार.